गणेशखिंडीतील एक सकाळ

आज रविवार. बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या आवारात सावकाश, कोठेही वेळेवर पोहोचायचे नाही अशा बेताने हिंडलो. विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ मध्ये आले, तरी माझ्या तोंडून अजून ‘पुणे विद्यापीठ’ एवढेच निघते, याची आज मनापासून खंत वाटली.

चौकात उतरल्यावर क्षणभर दिशाच कळेना. जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला आणि आता तेथे खाली वाहनांचा पूल व त्यावरून हिंजवडीची मेट्रो अशी दुमजली रचना झाली आहे. गणेशखिंड रस्ता रुंद होताना कडेची कितीतरी जुनी झाडे गेली. आमच्या वेळी बसमधून उतरताच सावलीत पाऊल पडत असे. तेथे आज सकाळी नऊलाच ऊन होते. वाहतुकीची अडचण मला समजते, पण ही हानी मनाला पटत नाही.

आवारातील बदलांविषयी मात्र माझी अशी तक्रार नाही. मुख्य इमारतीसमोर बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा लक्षात आले की या जागेतील सर्वांत मोठा बदल आम्ही येण्याच्या कितीतरी आधीच घडून गेला होता. उंच मनोऱ्याची ही वास्तू १८६४ ते १८७१ या काळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी बांधली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सवी समारंभ आटोपून प्लेग अधिकारी रँड येथूनच निघाला होता, आणि वाटेत गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. ज्या दारातून सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हते, तेथे १९४९ मध्ये विद्यापीठ आले, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि आता त्याच वास्तूच्या आवारात सावित्रीबाईंचा पुतळा उभा आहे. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे या पुतळ्यापुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

पुढे आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडे जाणाऱ्या वाटेवर वडाच्या पारंब्यांखाली थोडा बसलो. अनिकेत कँटीनचा चहा घ्यायचा विचार होता, पण पाय जयकर ग्रंथालयाकडेच वळले. त्याचे नाव आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र असे झाले आहे. बाहेर झाडाखाली दोन मुली एकाच डब्यातील भाकरी खात होत्या. एकीच्या मांडीवर उघडी वही होती आणि दुसरी, घास हातात तसाच धरून, तिला प्रश्न विचारत होती. उत्तर चुकले की दोघी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मी त्यांच्या बाजूने, शक्य तितका आवाज न करता, पुढे गेलो.