बसचा रस्ता वेगळा असतो

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नजर अजून रस्त्याच्या वळणावरच. मी लॅपटॉपवर पुण्यातल्या एका बसमार्गाची रेघ काढत बसले होते, तर मागून म्हणाले, "अगं, इथं बस वळवणार कशी? बारा मीटरची गाडी आहे ती."

बघते तर ओएसआरएमने, म्हणजे नकाशावर मार्ग शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरने, थांब्यापाशी यायला भर चौकात यू-टर्न मारलेला! या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसोबत मोटार, सायकल आणि पायी चालणाऱ्याचं प्रोफाइल, म्हणजे कोण कुठून आणि कसं जाऊ शकतं याच्या नियमांची फाइल, मिळतं. बसचं आपणच करून घ्यायचं. मोटारीच्या फाइलमध्ये गाडीची उंची २ मीटर आणि यू-टर्नला दंड (प्रवासाच्या वेळेत धरायची भर) फक्त २० सेकंद. बससाठी हे चालणारच नाही.

मग ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या त्याच फाइलची प्रत काढून तिची बस केली. ओएसआरएम ज्यावर चालतं त्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर बसच्या लेनला बहुधा 'अ‍ॅक्सेस नो, बस येस' अशी खूण असते. परवानगीच्या यादीत 'बस' आणि 'पीएसव्ही' (सार्वजनिक प्रवासी वाहन) सगळ्यात आधी टाकले, की लेन उघडते. निर्बंधांच्या यादीतही हेच दोन शब्द हवेत, नाहीतर 'वळण्यास मनाई, बस सोडून' यातलं 'बस सोडून' वाचलंच जात नाही.

माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या त्या थांब्यांनी. बसचं दार डावीकडे, म्हणजे थांबा डाव्या हाताला यायला हवा. त्यासाठी 'अ‍ॅप्रोचेस' या पर्यायात 'कर्ब', म्हणजे थांब्याच्या बाजूच्या कडेनंच ये, असं द्यायचं. दिलं, तरी बस पलीकडच्या बाजूनंच यायची. शेवटी सापडलं: 'लेफ्ट हँड ड्रायव्हिंग' चालूच केलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी आपली वाहतूक उजवीकडून! एक ओळ बदलली आणि अख्खा नकाशा एक्स्ट्रॅक्टपासून, म्हणजे नकाशा वाचून घेण्याच्या पहिल्या पायरीपासून, पुन्हा चालवला.

संगमवाडी-विश्रांतवाडी बीआरटीवर, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गावर, मात्र थांबे रस्त्याच्या मधोमध आणि दारं उजवीकडची. तिथं 'कर्ब' काढावं लागतं. बरं की ते प्रत्येक थांब्याला वेगळं देता येतं.

बसची उंची आता ३.३ मीटर लिहिली आहे. पण पुलाची उंची नकाशातच नसेल, तर प्रोफाइल कशाशी ताडून बघणार? म्हणून रविवारी सकाळी अण्णा आणि मी स्कूटरवर निघतो. पूल आला की ते मागूनच खांद्यावर थाप मारतात, मी थांबते, ते पाटी वाचतात आणि मी लिहून घेते.