नाशिकची रविवारची बैठक आणि रिची ब्लॅकमोर

पुण्याहून नाशिकला जाताना मी एसटीच पकडते. वाकडेवाडीहून पहाटेची गाडी धरली की नारायणगाव-आळेफाट्याला चहा होतो. संगमनेर मागे पडलं की सिन्नरपर्यंत ऊन अंगावर यायच्या आत पोचता येतं. या वेळी खिडकीशी जागा मिळाली आणि कानात डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची ‘मेड इन जपान’ लावली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोला झालेल्या मैफलींचं हे रेकॉर्डिंग. सिन्नरच्या चढावर बँडच्या रिची ब्लॅकमोरची गिटार आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन यांची सवालजवाबी सुरू झाली. ठक्कर बाजारला उतरेपर्यंत मी दुसरं काही ऐकलं नाही.

निमित्त होतं मामाकडच्या रविवारच्या बैठकीचं. मामा ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होता, आता निवृत्त झालाय. हा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानं बनवण्यासाठी उभा राहिला. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, आग्रा रोडला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मामा तिथे अप्रेंटिस म्हणून लागला आणि कुणाच्या तरी क्वार्टरवर त्याने डीप पर्पलची कॅसेट ऐकली. तेव्हा हा बँड मोडूनही गेला होता. ब्लॅकमोर १९७५ मध्येच बाहेर पडला होता, कारण बाकीच्यांचा कल सोल आणि फंक या संगीतप्रकारांकडे झुकत होता आणि त्याला ते मानवेना. त्याच्या जागी टॉमी बोलिन आला, एक अल्बम झाला आणि १९७६ मध्ये सगळं आटोपलं. म्हणजे मामाने ज्या दिवशी बँडवर जीव लावला, त्याच दिवशी त्याला कळलं की आपला माणूस त्यात नाही. मग ब्लॅकमोरने काढलेल्या ‘रेनबो’च्या कॅसेटी तो शोधायला लागला. १९८४ मध्ये डीप पर्पल पुन्हा जमली, ब्लॅकमोरसकट, तेव्हा मामाने क्वार्टरवर पेढे वाटले होते म्हणे. आजी हे सांगताना अजून हसते.

सकाळी मामा स्टँडवर घ्यायला आला होता. थेट घरी नेलं नाही, आधी मिसळ. नाशिकची मिसळ खायची तर काळ्या रश्श्याची, वर भाजलेला पापड आणि शेजारी दह्याची वाटी. रस्सा मागेल तितका. “खा गं, दुपारी भांडायला ताकद लागते,” मामा म्हणाला. भांडण म्हणजे अण्णांशी. अण्णा मामाचे कारखान्यातले जुने सोबती. गंगापूर रोडला राहतात आणि दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये ही बैठक भरते. अण्णा बँडच्या बाजूचे, मामा ब्लॅकमोरच्या. हे १९९३ पासून चाललंय.

बैठकीआधी मामाने मला गिटार दाखवली. ती नीट बघायला मिळावी ही माझी कधीची इच्छा होती. ब्लॅकमोर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि तिच्या फ्रेटबोर्डचं, म्हणजे बोटं फिरतात त्या पट्टीचं, लाकूड दोन फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पडद्यांच्या) मधे कोरून घ्यायचा. मामाने हे कुठल्याशा मासिकात वाचलं आणि मुंबईहून आणलेल्या देशी इलेक्ट्रिक गिटारवर तेच करायचं ठरवलं. फिटरचा हात! फ्रेटच्या धातूला ओरखडा जाऊ नये म्हणून प्रत्येकावर चिकटपट्टी, मग अर्धगोल कानस, मग दोनशेविसाचा पॉलिश पेपर, मग चारशेचा. प्रत्येक घरात एक उथळ खोलगा. मी बोट फिरवून बघितलं. खोलग्याच्या तळाला लाकूड काचेसारखं गुळगुळीत लागतं आणि कडेला येताना चढ कुठे सुरू झाला ते कळत नाही. काही घरांत मामाची कानस जरा जास्त खोल गेलीय. तिथे तेल मुरून लाकूड काळपट झालंय.

वाजवायला घेतल्यावर कळलं की हा सगळा खटाटोप कशासाठी. तार दाबली तरी बोट लाकडाला टेकतच नाही. सतारीच्या पडद्यावर असतं तसं ते तारेवर अधांतरी राहतं, त्यामुळे तार ओढायला आणि कंप द्यायला पकड चांगली मिळते. पण जोर जरा जास्त झाला की सूर चढतो. माझे पहिले काही स्वर सगळे चढेच लागले. मामा म्हणाला, “दाबू नकोस, नुसती शिव.” त्याने पुढे आणखी एक दाखवलं: ब्लॅकमोर मधला पिकअप (तारांचा कंप टिपणारा तारांखालचा भाग) वापरतच नसे, स्क्रू पिळून तो पार खाली बसवलेला असे. मामाच्या गिटारवरही मधला पिकअप खाली आहे.

कॉलनीतली मुलं त्याच्याकडे ती सगळ्यांना माहीत असलेली धून शिकायला येतात, १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाला त्यावरून बांधलेल्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याची. पोरं पिकने एकेक तार वाजवतात. मामा पिक काढून घेतो. अंगठा आणि बोट यांनी दोन तारा एकाच वेळी उचलायच्या, ब्लॅकमोर तशाच उचलायचा. ते एवढं बदललं की धून एकदम जड आणि गोल वाजायला लागते. मी समोर बसून ऐकलंय.

दुपारी अण्णांकडे गेलो. काकूंनी चिवडा आणि ताक ठेवलं होतं. वीसेक माणसांचा हॉल, स्पीकर जुने पण दणकट, भिंतीला एलपी टेकवून ठेवलेल्या. माणसं जमली चौदा-पंधरा. निम्मे निवृत्त, बाकी सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली चाळिशीतली. दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्याचं मला फार बरं वाटलं.

अण्णांचा मुद्दा मला नेहमीच वजनदार वाटलाय. ब्लॅकमोर १९९३ मध्ये दौरा चालू असताना सोडून गेला. १७ नोव्हेंबरला हेलसिंकीचा कार्यक्रम झाला आणि हा बाहेर. पुढे जपानचे कार्यक्रम ठरलेले होते, ते जो सॅट्रियानी या दुसऱ्या गिटारवाल्याने येऊन निभावले. “गायक गिलनशी पटत नव्हतं, मान्य. पण तिकिटं काढलेल्या माणसांनी काय पाप केलं होतं?” अण्णा म्हणतात. नंतर गिटारवर स्टीव्ह मोर्स आला आणि १९९४ पासून २०२२ पर्यंत राहिला. २८ वर्षं! ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून १६ वर्षं होतात. इमानाची गोष्ट काढायची तर मोर्सची काढा, हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. तोही गेला तो बायकोच्या आजारपणामुळे. यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, आणि ठेवूही नये.

मामाने या वेळी उत्तर दिलं ते वेगळं होतं. त्याने टर्नटेबलवर ‘रेनबो’चा १९७५ चा पहिला अल्बम लावला आणि ग्रीनस्लीव्ह्ज या सोळाव्या शतकातल्या इंग्रजी गाण्याचं नाव घेतलेलं ‘सिक्स्टीन्थ सेंच्युरी ग्रीनस्लीव्ह्ज’ ऐकवलं. रॉनी जेम्स डिओचा आवाज, खाली ती भारदस्त गिटार. मग लगेच १९९७ चा ‘शॅडो ऑफ द मून’. ब्लॅकमोरने गायिका कँडिस नाइटबरोबर काढलेल्या ‘ब्लॅकमोर्स नाइट’चा हा पहिला अल्बम. युरोपातल्या जुन्या दरबारी नृत्यांच्या चाली, मँडोला, अकूस्टिक गिटार. “मधे बावीस वर्षं आहेत,” मामा म्हणाला, “आणि माणूस एकच. तो पळाला म्हणतात. तो कुठे जात होता ते पहिल्यापासून ऐकू येत होतं.” सत्तरच्या दशकात बीबीसीवर आठव्या हेन्रीवरची मालिका लागली, तिच्यातलं डेव्हिड मन्रोचं जुन्या वाद्यांचं संगीत ऐकून ब्लॅकमोर भारावला होता. हे तो स्वतः मुलाखतींतून सांगत आलाय.

मला मामाचं पटतं. गाजलेला बँड सोडल्यावर कलावंताने दुसऱ्या बँडमध्ये तेच वाजवलं तर त्याच्यामागे जाणं सोपं असतं. ब्लॅकमोर शेवटी तिथेही थांबला नाही. जो हात माँत्रोची ती धून उचलायचा, तोच हात जर्मनीतल्या किल्ल्यांच्या आवारात हळुवार नाचाच्या चाली वाजवायला लागला आणि ऐकायला येणारे लोक मध्ययुगीन पेहराव करून यायला लागले. पन्नाशीतला एखादा रॉकवाला, आयुष्यभर चामड्याचं जाकीट घातलेला, तो त्या झुलत्या बाह्यांच्या अंगरख्यात उभा राहतो, कारण त्याचा गिटारवाला आता तिथे आहे. हे प्रेम मला मोठं वाटतं. बाहेरचे लोक याला वेड म्हणतात, मी नाही म्हणणार.

संध्याकाळी मामाबरोबर पंचवटीत गेले. काळारामाचं दर्शन घेतलं आणि रामकुंडाच्या पायऱ्यांवर टेकलो. गर्दी होती, कुणाचे विधी चालले होते, भेळवाले ओरडत होते. मामाला इथे विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण येतेच. ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं, गाणं राजवाड्यांतून बाहेर आणून तिकीट लावून लोकांपुढे मांडलं, ते अखेरच्या काळात नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिले. मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जात गेली होती. मैफलीपेक्षा रामनाम आणि तुलसी रामायणाची प्रवचनं हेच त्यांचं गाणं झालं. १९३१ मध्ये ते गेले. “बुवांनी ख्याल सोडला म्हणून शिष्यांनी बुवांना सोडलं का?” मामाने विचारलं. मी म्हटलं, काहींना वाईट वाटलं असेलच. “वाटणारच. वाईट वाटूनही बरोबर राहायचं, त्याला काहीतरी अर्थ आहे.”

मग मी त्याला विचारलं ते मुंबईच्या कार्यक्रमाचं. ८ एप्रिल १९९५, शनिवार. डीप पर्पल मुंबईत आली होती, मोर्स नुकताच बँडमध्ये आलेला. अण्णा नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने गेले. मामाचंही तिकीट अण्णांनी काढलं होतं. मामा गेला नाही. ब्लॅकमोरची गाणी दुसऱ्याच्या हातून ऐकायची नाहीत, एवढंच त्याचं कारण होतं. अण्णा परत आले ते दोन दिवस बोलतच होते. गिलन, ग्लोव्हर, पेस आणि लॉर्ड, जुन्या पाचांतले चार जण त्या रात्री मंचावर होते.

जॉन लॉर्ड २००२ मध्ये बँडमधून निवृत्त झाले आणि जुलै २०१२ मध्ये गेले. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “लॉर्डना ऐकायला हवं होतं गं. ब्लॅकमोरही नको म्हणाला नसता.” मला वाटतं, या प्रेमाची खरी किंमत तिथे कळते. बाजू घेताना आपण एक दार लावतो आणि त्या दाराआड कधीकधी आपल्याच आवडीचा दुसरा माणूस राहून जातो. ब्लॅकमोरवर प्रेम करायला लॉर्डला ऐकायचं सोडायची काही गरज नव्हती. सवालजवाब दोघांचा होता. मामाला हे कळलेलं आहे, म्हणून तर तो दर रविवारी अण्णांकडे जातो आणि मोर्सच्या काळातले अल्बमही मान हलवत ऐकतो.

२०१६ च्या जूनमध्ये ब्लॅकमोर पुन्हा रेनबोच्या नावाने मंचावर आला, जर्मनीत लोरेलायला आणि मग बर्मिंगहॅमला. तेव्हा मामाने पोराकडून मोबाइलवर सगळे तुकडे शोधून घेतले होते. बोटं पूर्वीइतकी वेगात नव्हती, हे त्याला पहिल्या मिनिटात कळलं. तरी त्याने सगळं शेवटपर्यंत बघितलं.

सोमवारी सकाळी निघताना त्या दोन कॉलेजच्या मुलींसाठी मामाने मला ऐकायचा क्रम लिहून दिला, फोनवर पाठवायला. आधी ‘मेड इन जपान’, मग रेनबोचा १९७६ चा ‘रायझिंग’, मग डीप पर्पलचा १९८४ चा ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ आणि शेवटी ‘शॅडो ऑफ द मून’. मधलं काही गाळायचं नाही, असं खाली अधोरेखित. मी तो कागद अण्णांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी लगेच मोर्सचा १९९६ चा ‘पर्पेंडिक्युलर’ घालायला सांगितला. मी मामाकडे बघितलं. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि तो स्वतःच ‘शॅडो ऑफ द मून’च्या वर, तारखेच्या क्रमाने लिहिला.