तारेवरचा खंड्या

खंड्या बघायला अंबाझरी तलावच गाठला पाहिजे असं नाही. नागपुरात कुठल्याही लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटशेजारी, विजेच्या तारेवर तो ठाण मांडून असतो. डोकं-पोट चॉकलेटी, गळ्याशी पांढराशुभ्र रुमाल, चोच लालभडक. उडाला की पाठ निळी पेटते. आणि गंमत अशी, की त्या निळ्यात निळा रंगच नाही! पिसातली अतिसूक्ष्म, स्पंजासारखी रचना निळा प्रकाश तेवढा परतवते. पीस खलबत्त्यात कुटलं तर मातकट भुकटीच हाती येईल.

याला धीवरही म्हणतात. धीवर म्हणजे कोळी, पण या कोळ्याला पाण्याचं फारसं अडत नाही. नाकतोडा, सरडा, बेडूक, खेकडा, काहीही चालतं. म्हणून तर तो शहरात टिकला.

खरा मासेमार म्हणजे ‘लहान खंड्या’ ही दुसरी जात, चिमणीहून जेमतेम मोठी. हा पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून डोकं खालीवर करत अंतर जोखतो. पाण्यातला मासा असतो त्याहून वर दिसतो. तो फरक धरूनच सूर मारायचा. पाण्यात शिरताना डोळ्यांवर पातळ पडदा येतो, त्यामुळे शेवटची झडप जवळजवळ आंधळी. पाणी गढूळ असेल तर नेम चुकतोच. मासा मिळाला की फांदीवर आपटून निपचित करायचा, मग डोक्याकडून गिळायचा. उलटा गेला तर खवले, काटे घशात अडकतात. चोचीत माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला दिसलं, तर घास स्वतःसाठी नाही. पिल्लांसाठी तरी, नाहीतर मादीची मनधरणी!

तिसरी जात काळ्या-पांढऱ्या कवड्या खंड्याची. त्याला फांदीही लागत नाही. तळ्याच्या मधोमध हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली येतो. जलपर्णी पसरली की मात्र त्याचा धंदा बसतो.

तारेवरच्या खंड्याची अडचण वेगळी, घरट्याची. त्याला मातीचा उभा कडा लागतो. उडत येऊन चोचीनं धडका देत आधी पाय टेकण्यापुरती खाच पाडायची, मग आत बोगदा. नाल्याला सिमेंटची भिंत बांधली की ते संपलं. मग तो विहिरीचा काठ, मुरुमाची खदान असं काहीबाही शोधतो. अशा कड्यात मुठीएवढं भोक, खाली पांढरे ओघळ आणि कुबट वास आला, तर पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूची माती काढू नये.