आयुष्यभराचा परवाना

रविवार, रात्री

रून या सॉफ्टवेअरचा आयुष्यभराचा परवाना ८२९.९९ डॉलरला आहे. रुपयांत सत्तर हजारांच्या पुढे. एवढे मोजून एकही गाणं मिळत नाही, हे आधी घरात समजावून सांगावं लागलं. गाणी आपली, हार्ड डिस्क आपली, स्पीकर आपले. सॉफ्टवेअर ती गाणी नीट मांडून दाखवणार आणि घरातल्या कुठल्याही खोलीत वाजवणार. "म्हणजे कपाट लावून देणाऱ्याला सत्तर हजार?" हिने विचारलं. यावर उत्तर सुचलं नाही.

आयुष्यभराचा नको असेल तर महिन्याला १४.९९ डॉलर, वर्षाचे एकदम भरले तर महिना १२.४९. म्हणजे वर्षाला बारा-तेरा हजार. २०१५ साली हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा आयुष्यभराचा परवाना ४९९ डॉलरला होता, असं भाचा सांगतो. तेव्हा घेतलेले लोक आज हुशार ठरले. पण हे आयुष्य नेमकं कोणाचं धरायचं, माझं की कंपनीचं? २०२३ मध्ये ही कंपनी हरमनने विकत घेतली, आणि हरमन सॅमसंगची. आजवर काही बिघडलेलं नाही. तरी एवढा मोठा मालक आला की 'आयुष्यभर' या शब्दाकडे मी जरा बारकाईने बघतो.

दुसरा पर्याय प्लेक्स. त्याच्या आयुष्यभराच्या पासची किंमत एप्रिल २०२५ मध्ये ११९.९९ वरून थेट २४९.९९ डॉलर झाली. फुकटातही बरंच चालतं, आणि त्यांचं प्लेक्सअँप हे गाण्यांचं अ‍ॅप दिसायला फार देखणं आहे.

माझ्याकडे आहे काय, तेही लिहून ठेवतो. सीडींवरून उतरवलेलं, दर्जा न घटवता साठवणाऱ्या फ्लॅक स्वरूपातलं गाणं. एचएमव्हीच्या आणि कर्वे रोडवरच्या अलूरकरांच्या कॅसेटी, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन साफ केलेल्या. आणि तिसरा ऐवज म्हणजे नानांकडून आलेली खासगी बैठकांची रेकॉर्डिंग्ज. कुणाच्या तरी दिवाणखान्यात स्पूलवर घेतलेली, मग कॅसेटवर, मग कॅसेटवरून कॅसेटवर. खोकला, चहाच्या कपांचा आवाज, "वाहवा" करणारा एकच माणूस. ही कुठल्याही कंपनीकडे मिळत नाहीत, आणि संग्रह म्हणून माझ्याकडे काही आहे तर हेच आहे.

मंगळवार

रून चौदा दिवस फुकट वापरून बघता येतं, म्हणून बसवलं. कौतुक करायचं तर मनापासून करावं. पाश्चात्त्य संगीताची एखादी सीडी दाखवली की वादक, ध्वनिमुद्रक, कुठल्या सालची, सगळं समोर येतं. नावावर बोट ठेवलं की तो माणूस आणखी कुठल्या रेकॉर्डवर वाजवतो ते दिसतं. सीडीच्या आतली ती घडीची पुस्तिका वाचत बसायची सवय ज्यांना होती, त्यांना यातली गंमत कळेल.

मला हे गोविंदराव पटवर्धनांच्या बाबतीत हवं आहे. संवादिनीवर गोविंदराव, असं दाबावं आणि ते कुणाकुणाच्या साथीला होते ते ओळीने यावं. पण त्यासाठी कुणीतरी आधी ते भरलेलं असायला हवं. रून गाणं ऐकून ओळखत नाही. अल्बमचं नाव, ट्रॅक किती, प्रत्येकाची लांबी किती, हे बाहेरच्या माहितीसाठ्याशी ताडून बघतं. जुळलं तर चित्रासकट सगळी माहिती ओढून आणतं. दिवाणखान्यातल्या मारव्याची लांबी जगातल्या कुठल्याच साठ्याशी जुळणार नाही. तिथे करड्या चौकोनात एक स्वरचिन्ह दिसतं आणि विषय संपतो.

छापील सीडींचीही तऱ्हा सांगतो. भूप, भूपाली, भूपली ही इंग्रजी अक्षरांत तीन गाणी होतात. मारवा दोन प्रकारे, कानडा चार प्रकारे. पं. लावलेले भीमसेन जोशी वेगळे, पंडित लिहिलेले वेगळे, नुसते भीमसेन जोशी तिसरेच. सगळे टॅग, म्हणजे फाइलीला लावलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या, देवनागरीत करून टाकले की यातला निम्मा गोंधळ जागच्या जागी मिटतो. भीमपलास की भीमपलासी एवढाच वाद उरतो, आणि तो घरातल्या घरात मिटवता येतो.

मोठा प्रश्न रागाचा. या सॉफ्टवेअरांत 'संगीतकार' आणि 'रचना' असे कप्पे आहेत, कारण ते बेटोव्हेनसाठी केलेले आहेत. एक रचना, तिची पन्नास वादनं. आपल्याकडे ख्यालात रचना म्हणजे चार ओळींची बंदिश, बाकी तासभर राग. त्यामुळे 'रचना' या कप्प्यात मी काय भरू? आणि नाट्यगीतांत याच्या उलट अडचण. 'कट्यार काळजात घुसली'तलं 'घेई छंद मकरंद' घ्या. शब्द दारव्हेकरांचे, संगीत अभिषेकींचं, नाटक १९६७ चं, आणि चाली दोन. एक धानी रागात, ती वसंतराव देशपांड्यांची, दुसरी सालगवराळी रागात. दोन घराण्यांची गायकी समोरासमोर ठेवायची म्हणूनच त्या दोन आहेत. गीतकार, संगीतकार आणि मुखडा बघून 'हे एकच गाणं' ठरवणाऱ्या यंत्राला नाटकाचा जीवच कळलेला नसतो. राग नावाचा कप्पा असता तर प्रश्न आला नसता.

हा कप्पा कुणीच केला नाही असं नाही. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार, स्वर, नाटक किंवा चित्रपट, आणि जमेल तिथे राग अशी नोंद असते. फुकट. मराठी गाण्याच्या बाबतीत सत्तर हजारांचं सॉफ्टवेअर मला याच्या जवळपासही पोचताना दिसत नाही.

मंगळवार, त्याच रात्री उशिरा

झोप येईना म्हणून रूनची मदतपानं वाचली. मुद्द्याची गोष्ट तिथे सापडली. रूनमध्ये आपण जी दुरुस्ती करतो ती त्यांच्या डेटाबेसमध्ये राहते. मूळ फाइलला ते हात लावत नाहीत. हे त्यांनी मुद्दाम तसं ठेवलं आहे, आणि त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे: तुमच्या फाइली तुमच्या, आम्ही बिघडवणार नाही. प्लेक्सही तसंच. पण याचा दुसरा अर्थ असा की मी हिवाळाभर बसून प्रत्येक बैठकीला राग, साथीदार, साल लावलं आणि पुढच्या वर्षी वर्गणी थांबवली, तर हातात पुन्हा कोऱ्या फाइली.

म्हणजे मी पैशांच्या मागे उगाच लागलो होतो. बारा हजार एकदाचे जातात. तीन महिन्यांची रात्रपाळी कुणाच्या वहीत लिहिली गेली, यावर सगळं आहे.

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं. गाणं संपलं की बाई ठणठणीत आवाजात "माय नेम इज गौहरजान" म्हणतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. माहिती गाण्याच्या पोटातच. लेबल फाटो, खोका हरवो, बाईंचं नाव जाणार नाही. मला माझ्या फाइलींचं अगदी हेच करायचं आहे.

आणि ते करता येतं. फ्लॅक फाइलीत आपल्याला हवा तो कप्पा घालता येतो. 'राग' म्हणा, 'प्रहर' म्हणा, 'साथ' म्हणा. एमपीथ्रीटॅग नावाचं विंडोजवर फुकट असलेलं साधन आहे, त्यात शंभर फाइली एकदम निवडून भरता येतं. असं फाइलीत लिहिलेलं पुष्कळसं रूनलाही वाचता येतं. साथीदारांसाठी आणि खुणेच्या शब्दांसाठी त्यांनी ठरवून दिलेली टॅगची नावं आहेत. मग उद्या रून घेतलं काय, सोडलं काय.

गुरुवार

भाच्याशी फोनवर बोललो. तो म्युनिकला असतो, त्याच्याकडे रून आहे आणि तो त्यावर खूश आहे.

"मामा, घेऊन टाक रे. तू एवढा विचार फ्लॅट घेताना केला नव्हतास."

त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्याकडे कोबझ या ऑनलाइन गाण्यांच्या सेवेची वर्गणी आहे. रून स्वतःच्या डिस्कवरची गाणी आणि कोबझ किंवा टायडलवरची गाणी एकाच कपाटात दाखवतं, आपलं कुठलं आणि भाड्याचं कुठलं हे विसरायला होतं. त्या सॉफ्टवेअरचं निम्मं मोल यातच आहे. या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. स्पॉटिफाय आणि अ‍ॅपल म्युझिक रूनमध्ये जोडता येत नाहीत. म्हणजे डोंबिवलीत बसून मी पूर्ण पैसे द्यायचे आणि निम्मी वस्तू घ्यायची. त्याला हे सांगितल्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "बरं, मग तुझ्या त्या खोकल्याच्या रेकॉर्डिंगांसाठी खरंच नको घेऊस."

स्ट्रीमिंगच पुरे, कशाला संग्रह, असंही एक मत असतं. माझं नाही. गूगल प्ले म्युझिकवर आपली ५०,००० गाणी फुकट चढवता यायची. २०२० मध्ये ते बंद झालं. गाना या अ‍ॅपने २०२२ मध्ये फुकट ऐकणं थांबवलं. रेसो जानेवारी २०२४ ला भारतातून गेलं, त्याच वर्षी विंकचाही गाशा गुंडाळला गेला. लोकांनी त्यांवर केलेल्या याद्या, लावलेल्या आवडी, सगळं कंपनीच्या मर्जीवर. मी स्वतः एका सेवेची वर्गणी भरतो, नवीन गाणं ऐकायला ती लागतेच. पण ते वर्तमानपत्र आहे, आणि मी इथे ग्रंथालयाबद्दल बोलतोय.

शनिवार

मोफतवाल्या बाजूने जाऊन पाहिलं. नॅव्हिड्रोम हे घरची गाणी वाजवणारं मुक्त सॉफ्टवेअर जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवलं. पाय साधारण पाच वॅट खातो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला चार युनिटच्या आत. रूनला इंटेलचा आय-थ्री दर्जाचा संगणक आणि डेटाबेससाठी एसएसडी ही वेगवान डिस्क लागते, तो खर्च परवान्याच्या किमतीत धरलेलाच नसतो. नॅव्हिड्रोम आता आपण घातलेले वेगळे कप्पेही वाचतं. 'प्रहर: रात्रीचा पहिला' आणि 'राग: यमन' असं भरलं की त्यावरून आपोआप यादी बनते. संगणकाने पहिल्यांदा काहीतरी आपल्या पद्धतीने केलं, असं वाटलं.

फुकट म्हणजे बिनकष्टाचं नाही, हेही लिहायला हवं. लोकलमध्ये घरचं गाणं ऐकायचं तर बाहेरून घरच्या पायपर्यंत पोचावं लागतं. आपल्याकडचे बरेच ब्रॉडबँडवाले प्रत्येक ग्राहकाला इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, अनेक घरांमागे एकच. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत यायला वाट करून, देण्याचा नेहमीचा उपाय चालत नाही. टेलस्केल नावाची खासगी जोडणी टाकावी लागली, ती वैयक्तिक वापराला फुकट आहे. ज्याला या असल्या गोष्टींचा कंटाळा आहे त्याने सरळ पैसे द्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. आमच्या बाबांनी तर सारेगामाचं कारवां घेतलं, एक बटण फिरवतात आणि ऐकतात.

कंपनी गेल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण मला या सगळ्यात धीर देऊन गेलं. स्क्वीझबॉक्स नावाचे गाणी वाजवणारे डबे लॉजिटेकने २०१२ मध्ये बंद केले. पण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त होतं. लोकांनी ते चालू ठेवलं, आज ते लिरिऑन नावाने चालतं आणि जुने डबे अजून वाजतात.

मग ठरवलं ते असं. आयुष्यभराचा परवाना नाही. सिम्फोनियम हे अँड्रॉइडवरचं अ‍ॅप एकदाच थोडे पैसे देऊन घेतलं, कारण विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये खाच पडलेली मला चालत नाही. उरलेल्यातून दोन हार्ड डिस्क. एक इथे, एक बहिणीकडे नाशिकला. एवढं सगळं फाइलींच्या पोटात लिहून ठेवायचं आणि प्रत एकच, हे बरं नाही. भाचा डिसेंबरात येईल तेव्हा रूनचा एक महिना घेऊ, तोवर निदान बैठकांचे टॅग भरून होतील.

भरताना अडलंय ते भलत्याच ठिकाणी. नानांच्या एका कॅसेटवर पेन्सिलीने 'नंद' लिहिलंय आणि मला ते बरोबर वाटत नाही. रेकॉर्डिंग नानांना पाठवलं. त्यांचा संध्याकाळी फोन आला: "अहो, नंद कसला, पण काय आहे ते मलाही सांगता येत नाही. आणि गाणारे तुम्ही म्हणता ते नव्हेत." आता रागाचा कप्पाही रिकामा आणि गायकाचाही. उद्या त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या तबलजींकडे पेन ड्राइव्ह घेऊन जायचं ठरलंय, ठेक्यावरून निदान तबल्यावर कोण ते तरी कळेल.