एकरी की हेक्टरी?

सप्टेंबर संपत आला की केळापूर तालुक्यात कपाशी कमरेच्या वर जाते आणि आमच्या कृषी केंद्रात फवारणीवाल्यांची गर्दी होते. त्या सकाळी पाच एकरवाले एक काका मुलाला घेऊन आले. एमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के एसजी, म्हणजे अळीचं दाणेदार औषध, त्याच्या १०० ग्रॅमच्या ११ पुड्या द्या म्हणाले. एवढ्या कशाला, विचारलं तर मोबाइलच पुढे केला.

"पोरानं एआयले विचारलं ना भाऊ. एकरी २२० ग्राम म्हनते थो."

उत्तर छान मराठीत होतं. खाली नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा हवाला आणि एक लिंक. लिंक दाबली तर पान उघडलंच नाही. पण संस्था खरी, औषध कपाशीचंच, आणि २२० हा आकडासुद्धा खरा. असंच उत्तर जास्त फसवतं. आकडा साफ चुकीचा असता तर काकांनाच संशय आला असता.

खोक्यातलं घडीचं पत्रक काढलं. अक्षर बारीक, पण तक्ता स्पष्ट: कापूस, बोंडअळी, औषध १९० ते २२० ग्रॅम, पाणी ५०० लिटर, हे सगळं हेक्टरी. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. म्हणजे एकरी ७६ ते ८८ ग्रॅम. पत्रकात सक्रिय घटकाचा, म्हणजे औषधातल्या नेमक्या विषाचा, वेगळा रकाना असतो, तिथे ९.५ ते ११ ग्रॅम आहे. २२० चे ५ टक्के ११ च येतात, म्हणजे रकाने आपण बरोबर वाचले. कधी उत्तरात हाच ११ चा आकडा औषधाची मात्रा म्हणून येतो, मग डोस विसावा हिस्सा होतो आणि अळी ढिम्म हलत नाही.

काकांना पटेना. "त्यालेच अजून विचारू का?" म्हणून मुलानं टाइप केलं: हे हेक्टरी तर नाही? लगेच माफी आली, होय, हेक्टरीच. मग मी मुद्दाम उलटं लिहायला लावलं: नाही, आमच्याकडे एकरीच सांगतात. पुन्हा माफी, आणि पुन्हा एकरी! "खात्री आहे का" विचारून तपासणी होत नाही ती यामुळे. यंत्र जुळतील असे शब्द मांडतं आणि विचारणाऱ्याच्या कलानं झुकतं. समोर पत्रक उघडून ठेवलेलं नसतं त्याच्या.

मग पंपाचा हिशेब. हेक्टरी ५०० म्हणजे एकरी २०० लिटर पाणी, १६ लिटरचे साडेबारा पंप. जास्तीत जास्त मात्रा धरली तरी पंपाला ७ ग्रॅम. मोबाइलच्या हिशेबानं साडेसतरा ग्रॅम पडले असते. २०१७ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती, डोक्याएवढं पीक, औषधांची मिश्रणं, तोंडाला साधा दुपट्टाही नाही. त्यात अडीचपट मात्रेची भर कशाला?

अकरा पुड्या विकल्या असत्या तर गल्ला माझाच भरला असता, म्हणून दुकानदाराचा शब्दही पत्रकाशी ताडून पाहावा. दुकानाबाहेरचं माणूस हवं असेल तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

खरा प्रश्न मात्र मोबाइलनंही विचारला नव्हता आणि काकांनीही पाहिलं नव्हतं: फवारायची गरज आहे का? शेतात डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या, एवढंच त्यांना माहीत. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून अंदाज येत नाही. शेतभर फिरून २० झाडांची २० हिरवी बोंडं तोडायची, प्रत्येक चिरायचं. दोनात जिवंत अळी दिसली की १० टक्के, तिथे फवारणीची पातळी गाठली.

मुलगा गाडी काढून गेला, दुपारी परत आला. २० पैकी ३ बोंडांत अळ्या.

पाच एकरांना ४४० ग्रॅम, म्हणून ५ पुड्या दिल्या. झाकणानं मोजू नका, सोन्याच्या दुकानातल्यासारखा छोटा काटा दीडशे-दोनशेत मिळतो, असं सांगितलं. पहिल्या पुडीवर पेनानं लिहून दिलं: १६ लिटर, ७ ग्रॅम, फवारल्यावर १० दिवस वेचणी नाही.