कॅप्टनसाहेबांच्या खांद्यावरची भोकं

आमच्या अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. इथं आणि तिकडं हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या इंग्रज अंमलदारांच्या फौजेच्या, छावण्या होत्या. त्याचं वारं असेल कदाचित, पण पलटणीतून परतलेल्या माणसाला गाव परस्पर बढती देऊन टाकतं. आमच्या शेजारचे आजोबा असेच सगळ्यांचे 'कॅप्टनसाहेब'. आता ते नाहीत. नातवाला त्यांचा वर्दीचा कोट काचेच्या चौकटीत लावायचाय, आणि कोटाच्या खांद्यावर हुद्दा सांगणारा एकही स्टार शिल्लक नाही. पोरांनी खेळायला नेले, म्हणे. नवे विकत मिळतात. पण आणायचे किती?

कोट माझ्याकडं आला. बिल्ले गेले तरी कापडावर त्यांची जागा राहते. डाव्या खिशाच्या वर एक गडद आयत होता, जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर राहतो तसा. पदकाची फीत 32 मिलिमीटर रुंद असते, आयत साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पदकं तीन. 1971 च्या युद्धाचं संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविशीचं 1972 चं मेडल ही त्या काळात नोकरीत असलेल्या बहुतेकांच्या छातीवर दिसत. तिसरं 'पूर्वी स्टार', म्हणजे त्याच युद्धातल्या पूर्व आघाडीचं पदक, असं घरचे म्हणतात, कारण आजोबा ढाक्याच्या गोष्टी सांगायचे. असेलही. कापड रंग सांगत नाही.

खरा घोळ खांद्यावर. उरलेल्या एकुलत्या बटणावर अशोकस्तंभाचे सिंह, म्हणजे कोट 26 जानेवारी 1950 नंतरचा. त्याआधी तिथं ब्रिटिशांचा मुकुट असायचा. कॅप्टनला तीन स्टार लागतात. इथं भोकं दोन जागी, दोन्ही खांद्यांवर. दोन स्टार लेफ्टनंटचेही असतात, पण लेफ्टनंट म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा, आणि या कोटाचा घेर चांगला संसारी माणसाचा! शिवाय खांद्याच्या पट्टीवर आडवी, बारीक टाक्यांची ओळ होती. जेसीओंची, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्देवाल्यांची, लाल-पिवळी फीत तिथंच शिवतात. हिशोब जुळला: सुभेदार.

नातवाचा चेहरा उतरला. मला उलट सुभेदारच मोठा वाटतो. शिपाई, नाईक, हवालदार असं एकेक पायरी चढत तिथवर यायला अर्धं आयुष्य जातं; नवा लेफ्टनंट कागदावर वरचा असला तरी अडल्यावर त्यालाच विचारायला येतो.

आजी दारातून सगळं ऐकत होत्या. "काय मोजायलाव मघापासून? कॅप्टन ते शेवटी झालते. पंध्रा ऑगस्टला. तवर हा कोट त्यांना व्हायचाच बंद झालता."

हे अगदी शक्य आहे. निवृत्तीच्या सुमाराला काही जेसीओंना 26 जानेवारीला किंवा 15 ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. तिसरा स्टार आजोबांना मिळाला असेल, या कोटाला नाही.

आता घरात वाद चाललाय. माझं मत दोन स्टार आणि फीत. आजींचं तीन, आणि फितीचं नावच काढायचं नाही. नातू दोन्ही घेऊन आलाय.