सुनेसोबत आलेली सासू

माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी, शुगर आणि सोबत तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची प्राथमिक तपासणी हे आमचं नेहमीचं काम. त्या दिवशी आशाताई एका सुनेला घेऊन आल्या. छातीत गाठ हाताला लागल्यापासून तिची झोप उडाली होती. सोबत सासू होती.

गाठ गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी. अशा पुष्कळ गाठी साध्या निघतात, पण नुसतं चाचपून निकाल देऊ नये. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहीत होते तेव्हा तिने हळूच विचारलं, "मॅडम, हे असलं काही निघालं तर माझ्या पोरांना लागंल का?"

हा प्रश्न मला फार ऐकावा लागतो. घरात कुणाला कॅन्सर झाला की ताट-तांब्या वेगळा होतो, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. पण बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. ज्यांच्यात वर्षानुवर्षं टिकतो, त्यांना धोका. तिला हे सगळं सांगितलं, तेव्हा कुठे ती खुर्चीला टेकून बसली.

मग सासूकडे वळले. "आजी, तुमचंही तोंड बघू."

"मला काय झालंय? बीपीची गोळी तेवढी द्या."

तंबाखू खात नाही म्हणाल्या. पण उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक काळपट होतं. मिशरी! तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. सकाळी दात घासायला, जेवणानंतर, खुरपायला निघताना, पुन्हा झोपताना. आमच्याकडच्या कितीतरी आज्यांचा दिवस असाच जातो आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

बॅटरी लावली. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत पांढरा चट्टा. गॉजने पुसला, निघाला नाही. मधोमध लालसर भाग होता. पांढऱ्यापेक्षा हा लाल भाग जास्त काळजीचा.

"दुखतंय का?"

"न्हाई बाई. दुखलं असतं तर आले नसते व्हय?"

आमचं सगळं काम इथेच अडतं. भाजल्याने तंबाखूतलं विष जात नाही. त्यातली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं पेशीच्या डीएनएला इजा करतात. शरीर ती इजा भरून काढतं, पण रोज त्याच जागी बोट फिरत राहिलं की डागडुजी मागे पडते आणि एखादी पेशी थांबायचं सोडून वाढतच सुटते. याला वर्षं लागतात आणि तेवढा काळ बहुधा काहीच दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे बरं व्हायची सगळ्यात चांगली वेळ घालवणं.

बायोप्सीसाठी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला, आजींना जिल्ह्याच्या गावी पाठवायचं ठरलं, तर मुंबईहून त्यांच्या मुलाचा फोन. "मॅडम, तुकडा काढला की पसरतं म्हणत्यात. आमच्या भावकीत एकाचा काढला आन् सहा महिन्यांत गेला." मला त्याचा राग आला नाही. त्या माणसाचा आजार तुकडा काढायच्या आधीच पुढे गेलेला असणार, पण लोकांच्या लक्षात राहिली ती बायोप्सी. मी त्याला म्हटलं, तोंडाच्या चट्ट्याचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय काय आहे ते कुणालाच कळणार नाही, आणि भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचाच कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो, तेव्हा तुझ्या खिशातली पुडीही काढून ठेव. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आईला नेतो."

सुनेची गाठ साधी निघाली. आजींच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. तशाच सोडल्या असत्या तर त्यातून कॅन्सर होण्याचा धोका होता. तो भाग शस्त्रक्रियेने काढला. आता ठरल्या तारखांना दाखवायला जावं लागतं. मिशरी त्यांनी सोडली आहे. त्यांच्या धाकट्या जावेने अजून सोडलेली नाही, पण मंगळवारी तोंड दाखवायला येते म्हणाली आहे.